तंजावरहून परदेशी जाताना : सामानाचे वजन आणि खर्चाचा ताळेबंद

तंजावर : परदेशप्रवासाचा विचार पक्का झाला की घराघरांत पहिली चर्चा विमानाच्या तिकिटाची होते. तिकिटाची रक्कम मात्र आधीच ठाऊक असते. अंदाजपत्रक बिघडते ते त्यानंतरच्या, गृहीत न धरलेल्या खर्चांनी. विमानतळावर आकारले जाणारे जादा वजनाचे शुल्क, कार्डावरील चलन-अधिभार, उपाहारगृहाच्या बिलात वाढणारा कर आणि विम्याअभावी स्वतःच भरावे लागणारे रुग्णालयाचे देयक यांचा हिशेब फार थोड्या कुटुंबांनी आधी केलेला असतो. सामानाच्या बाबतीतही तसेच घडते. घरी निरुपद्रवी वाटणारा एखादा जिन्नस दुसऱ्या देशाच्या सीमेवर गुन्हा ठरू शकतो. महानगरांपासून दूर असलेल्या शहरातून परदेशी जाणाऱ्या कुटुंबाने तयारी कशी करावी, हे समजून घेण्यासाठी तंजावर ते सिंगापूर हा प्रवास उदाहरण म्हणून उपयोगी पडतो. यातील बहुतेक नियम नाशिक, कोल्हापूर, बेळगाव किंवा इंदूरहून निघणाऱ्या प्रवाशालाही तितकेच लागू आहेत.

समुद्रापारचे जुने नाते

कावेरीच्या खोऱ्याला समुद्रापलीकडचा प्रवास नवा नाही. राजेंद्र चोळाने इ. स. १०२५ च्या सुमारास आग्नेय आशियात आरमारी मोहीम काढली. तीत जिंकलेल्या कडारम म्हणजे आजच्या मलेशियातील केदाह आदी स्थळांची नावे तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील शिलालेखात कोरलेली आहेत. सतराव्या शतकात व्यंकोजी भोसले यांनी येथे मराठी राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. या राज्याच्या कारभाराची मोडी लिपीतील कागदपत्रे आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत. सरफोजी राजे दुसरे १८२० मध्ये सुमारे ३,००० जणांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाले. मुक्काम, दानधर्म, वाहतूक आणि शिधा यांची तरतूद केल्याखेरीज एवढी यात्रा पार पडणे शक्य नव्हते. प्रवास लहान असो वा मोठा, आधी हिशेब आणि मग प्रस्थान हा क्रम तेव्हाही होता.

विसाव्या शतकात या भागातील लोक पेनांग आणि सिंगापूरला बोटीने जात. नागपट्टिनम बंदर १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होते आणि मद्रासहून निघणाऱ्या बोटी तेथे थांबत. ‘राजुला’ आणि नंतर ‘चिदंबरम’ या बोटींची नावे येथील जुन्या पिढीच्या स्मरणात आहेत. फेब्रुवारी १९८५ मध्ये ‘चिदंबरम’ बोटीला आग लागली आणि ही प्रवासी सेवा संपुष्टात आली. बोटीच्या काळात पत्र्याच्या ट्रंका भरून सामान नेता येत असे. विमानाने प्रवासाचे दिवस तासांवर आणले, पण त्याबरोबर सामानाचा प्रत्येक किलो मोजण्याची शिस्तही आणली.

आज जिल्ह्याचा आंतरराष्ट्रीय दरवाजा म्हणजे सुमारे ६० किलोमीटरवरील तिरुचिरापल्ली विमानतळ. तेथील नव्या टर्मिनल इमारतीचे उद्‌घाटन २ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. येथून सिंगापूर, क्वालालंपूर, कोलंबो आणि आखाती देशांकडे थेट विमाने जातात. सिंगापूरचे अंतर साधारण चार तासांचे आहे. चेन्नईपर्यंतचा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास वाचतो, हा खर्चाच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. मात्र या मार्गांवर अल्पदरातील विमानसेवांचा भर असल्याने कमी तिकिटामागील अटी नीट वाचाव्या लागतात.

कागदपत्रे : बॅगेआधीची तयारी

पारपत्र म्हणजे पासपोर्ट हे सामानातील पहिले आणि कधीही मोठ्या बॅगेत न ठेवण्याचे कागदपत्र. सिंगापूर, मलेशियासह अनेक देश प्रवेशाच्या दिवशी पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, अशी अट घालतात. मुदत कमी उरल्याने प्रवाशाला विमानतळावरूनच परत फिरावे लागले, तर तिकिटाचे पैसे सहसा मिळत नाहीत. ३६ पानी पारपत्राचे सर्वसाधारण शुल्क प्रौढांसाठी १,५०० रुपये, तर ६० पानी पारपत्राचे २,००० रुपये आहे. तात्काळ सेवेसाठी आणखी २,००० रुपये भरावे लागतात. नियोजन लवकर केले, तर कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे ही जादा रक्कम वाचते.

व्हिसाच्या बाबतीत शेजारच्या दोन देशांतही मोठा फरक आढळतो. सिंगापूरला जाणाऱ्या भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागतो. त्याचे प्रक्रिया शुल्क ३० सिंगापूर डॉलर असून अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. अधिकृत व्हिसा प्रतिनिधी आपले सेवाशुल्क वेगळे आकारतात. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिला आहे. ही सवलत ठरावीक मुदतीची असून तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली आहे, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी ती चालू असल्याची खात्री करावी. युरोपातील शेंगेन देशांसाठी प्रौढांचे व्हिसा शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. चार प्रौढांच्या कुटुंबाला केवळ अर्जासाठी ३६० युरो बाजूला काढावे लागतात.

सिंगापूर आणि मलेशिया या दोन्ही देशांत उतरण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमनपत्र भरणे आवश्यक आहे. दोन्ही सरकारांच्या अधिकृत संकेतस्थळांवर ते विनामूल्य भरता येते. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी काही खासगी पाने याच कामासाठी पैसे उकळतात. पत्ता नीट तपासला तर हा खर्च टळतो.

पारपत्र, व्हिसा, परतीचे तिकीट, विम्याचे प्रमाणपत्र आणि मुक्कामाचा पत्ता यांच्या छापील प्रती हाताच्या पिशवीत ठेवाव्यात आणि एक संच घरी विश्वासू व्यक्तीकडे द्यावा. नातेवाइकांकडे उतरणाऱ्या ज्येष्ठांनी त्यांचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक इंग्रजीत लिहिलेला कागद जवळ बाळगावा. मोबाइलची बॅटरी संपली, तरी कागद वाचता येतो.

अंदाजपत्रक कसे मांडावे

अंदाजपत्रकाचे तीन भाग करणे सोयीचे ठरते. पहिल्या भागात निघण्यापूर्वीच चुकते होणारे खर्च येतात : पारपत्र, व्हिसा, तिकीट, सामानाचे आगाऊ शुल्क, विमा आणि विमानतळापर्यंतचे वाहन. दुसऱ्या भागात परदेशातील रोजचे खर्च येतात : निवास, जेवण, स्थानिक वाहतूक, प्रवेशशुल्क आणि मोबाइल सेवा. तिसरा भाग राखीव निधीचा. एकूण खर्चाच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम त्यासाठी वेगळी ठेवावी. खरेदीला या राखीव रकमेतून कधीही हात लावू नये, कारण चुकलेले विमान किंवा अचानक आलेले आजारपण याच पैशांतून निभावून न्यायचे असते.

परकीय चलनाचा भाव रोज बदलतो. आज एका सिंगापूर डॉलरला ६५ रुपये पडत असतील आणि प्रवासाच्या दिवशी तो भाव ७० रुपये झाला, तर १,००० डॉलरच्या खर्चामागे ५,००० रुपये वाढतात. म्हणून अंदाजपत्रक मांडताना चालू भावापेक्षा थोडा चढा भाव धरावा. भाव उतरला तर रक्कम शिल्लक राहते आणि चढला तर हातातोंडाशी गाठ पडत नाही.

जेवणाच्या खर्चात करांचा विचार हमखास सुटतो. सिंगापुरात १ जानेवारी २०२४ पासून वस्तू व सेवा कराचा दर ९ टक्के आहे. अनेक उपाहारगृहांच्या दरपत्रकावर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे असतात. त्याचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के कर वेगळा, असा असतो. दरपत्रकात २० डॉलर लिहिलेले जेवण सेवाशुल्कासह २२ डॉलर आणि करासह २३.९८ डॉलरला पडते. सार्वजनिक खाद्यकेंद्रांत म्हणजे ‘हॉकर सेंटर’मध्ये सेवाशुल्क नसते आणि तेथे भारतीय शाकाहारी पदार्थही मिळतात. दिवसातील एक जेवण तेथे घेतले, तरी आठवड्याच्या खर्चात जाणवण्याइतका फरक पडतो. सिंगापुरातील नळाचे पाणी थेट पिण्यायोग्य असल्याने रिकामी बाटली सोबत ठेवल्यास पाण्यावरचा खर्चही उरत नाही. मेट्रो रेल्वेत मात्र खाण्यापिण्यास मनाई असून दंड होऊ शकतो. डबा फलाटाबाहेरच उघडावा.

मलेशियात परदेशी पर्यटकांकडून निवासाच्या प्रत्येक खोलीमागे दररात्री १० रिंगिट पर्यटन कर घेतला जातो. आगाऊ नोंदणीच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो. पाच रात्रींच्या मुक्कामाला एका खोलीमागे ५० रिंगिट हाताशी ठेवावे लागतात.

पैसे कोणत्या रूपात न्यावेत

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेनुसार निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी खर्चासाठी नेता येते. सामान्य पर्यटकाचा या मर्यादेशी क्वचितच संबंध येतो. त्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या मर्यादा वेगळ्या आहेत. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात परकीय चलनाच्या नोटा ३,००० अमेरिकी डॉलरच्या मूल्याइतक्याच नेता येतात. उर्वरित रक्कम प्रवासी चलन कार्डावर किंवा अन्य मार्गाने न्यावी लागते. नेपाळ आणि भूतान वगळता इतर देशांत जाताना भारतीय चलन माणशी २५,००० रुपयांपर्यंत नेता येते. परतल्यावर टॅक्सीचे भाडे देण्यासाठी ते उपयोगी पडते. परकीय चलनाची ५०,००० रुपयांवरील खरेदी रोखीने करता येत नाही, धनादेश किंवा कार्डाने पैसे द्यावे लागतात. उरलेले चलन परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत जमा करावे, मात्र २,००० अमेरिकी डॉलरपर्यंतची रक्कम जवळ ठेवण्यास मुभा आहे.

चलनबदलावर वस्तू व सेवा करही लागतो. एक लाख रुपयांच्या चलनखरेदीवर तो १८० रुपये होतो, म्हणजे फारसा जाचक नाही. खरा खर्च विक्रेत्याने लावलेल्या भावात दडलेला असतो. विमानतळावरील खिडकीवर भाव सामान्यतः महाग पडतो. शहरातील दोन-तीन बँका आणि अधिकृत चलन विक्रेते यांच्याकडे एकाच दिवशी चौकशी करून पावतीसह व्यवहार केल्यास फायदा होतो.

साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर अनेक बँका २ ते ३.५ टक्के चलन-अधिभार घेतात आणि त्या अधिभारावर १८ टक्के कर लागतो. साडेतीन टक्क्यांच्या कार्डाने एक लाख रुपयांची खरेदी केली, तर ३,५०० रुपये अधिभार आणि ६३० रुपये कर असे ४,१३० रुपये जादा जातात. दुकानदाराने ‘रुपयांत भरायचे की स्थानिक चलनात’ असे विचारले, तर स्थानिक चलनाचाच पर्याय निवडावा. रुपयांचा पर्याय सोयीचा भासतो, पण त्यात भाव दुकानाच्या बाजूचा असतो.

युपीआय सेवा आता काही देशांत पोहोचली आहे. श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये ती १२ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली, तर सिंगापूरच्या ‘पेनाऊ’ व्यवस्थेशी तिची जोडणी २१ फेब्रुवारी २०२३ रोजी झाली. तरीही परदेशातील सर्वच दुकानांत ती चालत नाही आणि ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी सुरू करावा लागतो. केवळ युपीआयच्या भरवशावर निघणे धोक्याचे आहे. थोडी रोकड, एक चलन कार्ड आणि वेगळ्या ठिकाणी ठेवलेले दुसरे कार्ड अशी विभागणी सुरक्षित ठरते. बँकेचे एकवेळ संकेतांक भारतीय क्रमांकावरच येतात, म्हणून परदेशी सिम घेतले तरी भारतीय सिम चालू ठेवणे अत्यावश्यक आहे.

सहलीचे पॅकेज घेणाऱ्यांकडून आयोजक स्रोतावर कर जमा करतात. त्याचे दर गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे पैसे भरताना लागू दर विचारून घ्यावा. ही रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. मात्र विवरणपत्र न भरणाऱ्या ज्येष्ठांच्या नावाने पॅकेज घेतल्यास ती विनाकारण अडकून पडते. कुटुंबातील कोणाच्या नावाने पैसे भरायचे, हे ठरवताना याचा विचार व्हावा.

बॅग भरताना

अल्पदरातील विमानांच्या मूळ तिकिटात बहुधा सात ते दहा किलोचे हाताचे सामानच समाविष्ट असते. मोठ्या बॅगेचे वजन आगाऊ विकत घेतले, तर ते स्वस्त पडते. तेच विमानतळाच्या खिडकीवर घेतल्यास कित्येक पटींनी महागते. घरीच वजनकाट्यावर बॅग तोलून पाहावी आणि परतीच्या खरेदीसाठी तीन-चार किलोची जागा राखावी. कुटुंबात दोन मोठ्या बॅगा असतील, तर प्रत्येकाचे कपडे दोन्हींत विभागून ठेवावेत. एक बॅग उशिरा पोहोचली, तरी कोणाचीही पूर्ण गैरसोय होत नाही.

सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे वर्षभर उष्ण, दमट हवा आणि अधूनमधून पाऊस असतो. तंजावरच्या प्रवाशाला ही हवा परिचित आहे. सुती कपडे, छत्री आणि चालण्यास सोयीची पादत्राणे पुरतात. गरम कपड्यांची गरज नसली, तरी विमान, मेट्रो आणि दुकानांतील वातानुकूलनामुळे एक शाल किंवा पातळ स्वेटर हवा. युरोपच्या हिवाळ्यात जाणाऱ्यांनी एकच जाड कोट नेण्याऐवजी एकावर एक घालता येतील असे थर न्यावेत आणि कोट अंगावरच घालून विमानात बसावे, म्हणजे बॅगेतील वजन वाचते. सिंगापूर आणि मलेशियात तीन चौकोनी दांड्यांचे प्लग चालतात. भारतीय चार्जरसाठी जोडणीचा अडॅप्टर घरूनच न्यावा.

पॉवर बँक आणि सुटी लिथियम बॅटरी मोठ्या बॅगेत ठेवण्यास सक्त मनाई आहे, ती हाताच्या सामानातच न्यावी लागते. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तास, म्हणजे सुमारे २७,००० मिलिॲम्पिअर-तास इतकी आहे. क्षमता पुसट झालेली पॉवर बँक तपासणीत जप्त होऊ शकते. हाताच्या सामानातील द्रवपदार्थांची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी.

देवपूजेचे साहित्य नेणाऱ्या ज्येष्ठांनी विशेष काळजी घ्यावी. कापूर ज्वलनशील पदार्थांत मोडतो आणि विमानातून नेता येत नाही. काडेपेटीही मोठ्या बॅगेत चालत नाही. सुके खोबरे तेलकट आणि ज्वालाग्राही असल्याने तपासणीत नाकारले जाऊ शकते. लोणचे, तूप आणि तेल घट्ट झाकणाच्या बरणीत, प्लास्टिकच्या दुहेरी आवरणात गुंडाळून मोठ्या बॅगेतच ठेवावे.

खसखशीचा धोका

मराठी स्वयंपाकघरातील एका जिन्नसाबाबत मात्र जराही हयगय चालत नाही. तो जिन्नस म्हणजे खसखस. भारतात ती किराणा दुकानात सहज मिळते आणि अनारसे, लाडू, गोडा मसाला यांत सर्रास वापरली जाते. अफूच्या झाडाचे बी असल्याने सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीसह काही देशांत मात्र ती निषिद्ध पदार्थ मानली जाते. या देशांचे अमली पदार्थविषयक कायदे अत्यंत कडक आहेत आणि ‘ठाऊक नव्हते’ हा बचाव तेथे टिकत नाही. मुलांसाठी घरचा फराळ किंवा मसाला नेताना त्यात खसखस नाही, याची खात्री करूनच तो बांधावा. विकतच्या मसाल्याच्या पुड्यावरील घटकांची यादीही वाचावी.

सिंगापुरात चघळण्याचा तंबाखू, गुटखा, ई-सिगारेट आणि च्युइंगम यांवर बंदी आहे. सिगारेटवर करसवलत नाही, एकही पाकीट नेले तरी ते जाहीर करून कर भरावा लागतो. वर्षानुवर्षे खिशात चंची बाळगणाऱ्या गृहस्थांनी ती घरीच ठेवलेली बरी. अनोळखी व्यक्तीने ‘आमच्या नातेवाइकांना एवढे द्या’ म्हणून दिलेले पुडके नम्रपणे नाकारावे. ज्याच्या बॅगेत वस्तू सापडते, कायद्याच्या दृष्टीने जबाबदार तोच असतो.

औषधे आणि विमा

नियमित औषधे संपूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, शिवाय आठवडाभराची जादा न्यावीत. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात आणि सोबत डॉक्टरांची औषधचिठ्ठी असावी. चिठ्ठीत औषधाचे मूळ रासायनिक नाव इंग्रजीत लिहून घ्यावे, कारण भारतातील व्यापारी नावे परदेशी औषध विक्रेत्याला कळत नाहीत. सिंगापुरात स्वतःच्या वापरासाठी तीन महिन्यांपर्यंतची औषधे नेता येतात. झोपेच्या काही गोळ्या, चिंताशामक औषधे आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे यांसाठी तेथील आरोग्य प्राधिकरणाची आगाऊ परवानगी लागू शकते. इन्सुलिन आणि हृदयविकाराच्या गोळ्या हाताच्या पिशवीतच असाव्यात.

प्रवास विमा हा अंदाजपत्रकातील सर्वांत आधी कापला जाणारा आणि सर्वांत कमी कापण्याजोगा खर्च आहे. शेंगेन देशांसाठी किमान ३०,००० युरोंचे विमा संरक्षण व्हिसाची अटच आहे. सिंगापूरसारख्या ठिकाणी तशी सक्ती नसली, तरी परदेशी रुग्णाला सरकारी अनुदान मिळत नाही आणि काही दिवसांच्या उपचारांचा खर्च संपूर्ण सहलीच्या खर्चाला मागे टाकू शकतो. मुलाकडे किंवा मुलीकडे जाणाऱ्या वृद्ध आई-वडिलांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. मधुमेह, रक्तदाब किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया अर्जात लपवली, तर दावा फेटाळला जातो. पूर्वीच्या आजारांचा समावेश असलेली पॉलिसी थोडी महाग पडते, पण वृद्धांसाठी तीच उपयोगाची.

तंजावरच्या भेटवस्तू आणि निर्यातीचे नियम

तंजावरहून निघणाऱ्या प्रवाशाच्या बॅगेत सहसा एखादी स्थानिक वस्तू असते. सोन्याच्या वर्खाची तंजावर चित्रे, डोलणाऱ्या बाहुल्या आणि फणसाच्या लाकडाची तंजावर वीणा यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. जवळच्या स्वामिमलई येथील पितळी-कांस्य मूर्तींचीही परंपरा मोठी आहे. या वस्तू नेताना वजन आणि नाजूकपणा यांबरोबर कायद्याचाही विचार करावा लागतो.

पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मूल्य असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. तंजावरच्या जुन्या घरांत पिढीजात चित्रे आणि मोडी कागद आजही सापडतात. ‘आजोबांची आठवण’ म्हणून ते परदेशातील नातवंडांकडे नेण्याची इच्छा स्वाभाविक असली, तरी कायदा त्यास मनाई करतो. नव्या मूर्तीलाही पुरातन झाक दिलेली असेल, तर सीमाशुल्क अधिकारी ती अडवू शकतात. अशा वेळी विक्रेत्याची पावती आणि वस्तू पुरातन नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. हे प्रमाणपत्र मिळण्यास वेळ लागत असल्याने खरेदी शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

या कडक नियमांमागे या भागाचा कटू अनुभव आहे. तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील पत्तूर येथील नटराजाची कांस्यमूर्ती चोरट्या मार्गाने लंडनला पोहोचली होती. तेथील न्यायालयांतील प्रदीर्घ लढ्यानंतर ती १९९१ मध्ये भारताला परत मिळाली.

वीणा नेणाऱ्यांनी जुन्या वाद्यावरील हस्तिदंती नक्षीकडे लक्ष द्यावे, कारण हस्तिदंताची वाहतूक कायद्याने निषिद्ध आहे. वाद्याचा आकार हाताच्या सामानात मावत नाही. कठीण कवचाची पेटी आणि मोठ्या आकाराच्या सामानाचे शुल्क, अथवा वाद्यासाठी वेगळे आसन, यांपैकी एक खर्च अंदाजपत्रकात धरावाच लागतो. तंजावर चित्रासाठी काच नसलेली चौकट निवडल्यास वजन आणि फुटण्याची भीती दोन्ही कमी होतात.

अंगावरील दागिन्यांबाबतही एक साधी खबरदारी पुष्कळ मनस्ताप वाचवते. लग्नकार्यासाठी जास्त सोने घेऊन जाणाऱ्यांनी निघतानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्याची नोंद असलेले निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना तेच सोने परदेशात खरेदी केलेले नाही, हे त्यावरून सिद्ध करता येते. प्रमाणपत्रासाठी दागिन्यांच्या पावत्या किंवा मूल्यांकन सोबत ठेवावे आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर लवकर पोहोचावे.

नोकरीसाठी जाणाऱ्यांसाठी

कावेरी खोऱ्यातून परदेशी जाणाऱ्यांत कामगारांची संख्याही मोठी आहे. पर्यटन व्हिसावर जाऊन तेथे नोकरी मिळवून देण्याचे आश्वासन हा फसवणुकीचा नेहमीचा मार्ग आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर सामान्यतः उत्प्रवास तपासणीचा शिक्का असतो. अशा व्यक्तींना मलेशिया आणि आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना ‘ई-मायग्रेट’ प्रणालीतून परवानगी घ्यावी लागते. नोंदणीकृत भरती संस्थेला सेवाशुल्क म्हणून कराव्यतिरिक्त कमाल ३०,००० रुपयेच घेता येतात. त्याहून अधिक रक्कम मागितली गेली किंवा पावती नाकारली गेली, तर तो धोक्याचा इशारा समजावा. जमीन किंवा दागिने गहाण ठेवून उभे केलेले पैसे एकदा अशा हातात गेले की परत मिळणे कठीण असते. परदेशात अडचण आल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर आणि भारतीय दूतावासात तक्रार नोंदवता येते.

तयारीचा क्रम

संपूर्ण तयारीसाठी तीन महिने पुरेसे होतात. पहिल्या महिन्यात पारपत्राची मुदत तपासावी, प्रवासाचे दिवस ठरवावेत आणि अंदाजपत्रकाचे तीन भाग कागदावर मांडावेत. दुसऱ्या महिन्यात व्हिसा, तिकीट, सामानाचे आगाऊ वजन आणि विमा ही कामे उरकावीत. पुरातन नसल्याचे प्रमाणपत्र लागणार असेल, तर त्याचा अर्जही याच काळात करावा. तिसऱ्या महिन्यात औषधे, औषधचिठ्ठी आणि चलन यांची व्यवस्था करून बँकेला प्रवासाची पूर्वसूचना द्यावी. शेवटच्या आठवड्यात बॅग भरून तोलावी आणि खाद्यपदार्थांची यादी गंतव्य देशाच्या नियमांशी ताडून पाहावी. आगमनपत्र शेवटच्या तीन दिवसांत भरावे. शुल्क, करांचे दर आणि व्हिसाच्या सवलती बदलत असल्याने पैसे भरण्यापूर्वी संबंधित सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरील ताजी माहिती पाहणे इष्ट आहे.